वरची टाकी आणि खालची टाकी

मागच्या महिन्यात वस्तीतला एक मुलगा आमच्या कार्यालयात आला. वडील महानगरपालिकेत सफाई कामगार. आजीही त्याच खात्यात झाडूवाली होती. वडील निवृत्तीला आले आहेत आणि लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसा हक्काची नोकरी घरात चालून येते आहे. मुलाने ती नको म्हटली. चित्रकलेच्या जोरावर तो एका नामवंत संस्थेत वस्तूंचे डिझाइन शिकायला गेला. खराटा हातात न घेता पोट भरणारा घरातला हा पहिलाच, याचा बापाला कोण अभिमान! आणि त्या संस्थेत चिठ्ठ्या टाकून विषय वाटले तेव्हा कोणाला चहाची किटली आली, कोणाला शाळेचे दप्तर आले, आणि आमच्या या पोराच्या चिठ्ठीत निघाले, 'संडासच्या फ्लशच्या टाकीत सफाईचे औषध सोडणारे घरगुती उपकरण'.

पोरगा हसत हसत सांगत होता. बाप हसला नाही म्हणे. "फिरून फिरून संडासातच पाठवलं तुला," एवढेच बोलला.

मुलाने काखेतली गुंडाळी सोडून नकाशे आमच्या टेबलावर पसरले आणि विचारले, "काका, याची प्रस्तावना लिहायची आहे. समस्या काय आहे ते चार ओळींत मांडायचं आहे. काय लिहू?" चार ओळींत मावणारी ती समस्या नाही, म्हणून आज हा स्तंभ आम्ही त्याच विषयाला दिला आहे. वाचकांना विषय किळसवाणा वाटेल. वाटू द्या. किळस कोणी करायची आणि घाण कोणी काढायची, याची वाटणी ज्या देशात जन्मावर होते, तिथे या विषयाची लाज आम्ही का बाळगावी?

आधी हे उपकरण काय आहे ते समजून घेऊ. दुकानात निळ्या वड्या मिळतात. फ्लशच्या टाकीत एक वडी टाकली की प्रत्येक फ्लशला निळे पाणी येते, भांड्याला डाग धरत नाहीत, वास येत नाही. काही वड्यांत नुसता रंग, सुवास आणि साबणासारखा पदार्थ असतो. काहींत ब्लीचिंगच्या जातीचे क्लोरीन असते. वडी उघडी टाकली तर ती रात्रभर विरघळत राहते. सकाळच्या पहिल्या फ्लशला सगळे औषध वाहून जाते आणि दुपारपर्यंत नुसते पाणी उरते. शिवाय क्लोरीनचे तीव्र पाणी टाकीतल्या रबराच्या वायसरला खाते. वायसर गेला की टाकी गळते आणि पाणी दिवसरात्र वाया जाते.

यावर उपाय म्हणून डबी. ही डबी टाकीच्या आत टांगायची. टाकी भरताना पाणी डबीत शिरते आणि औषध विरघळते. डबीच्या तोंडाशी हवेचा बुडबुडा अडकतो, त्यामुळे आतले तीव्र पाणी बाहेरच्या साध्या पाण्यात मिसळत नाही. फ्लश केला की टाकीतली पातळी खाली जाते आणि डबीतले मोजके औषध आपल्याच वजनाने बाहेर पडते. ना बॅटरी, ना चाक, ना स्प्रिंग. गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकापासून अमेरिकन कंपन्यांनी अशा डब्यांची पेटंटे घेतली आहेत. कल्पना खरोखर हुशारीची आहे, हे मान्य केले पाहिजे. आमच्या पोरानेही त्यात भर घातली आहे. अर्धा फ्लश ३ लिटरचा आणि पूर्ण ६ लिटरचा असेल तर औषधही त्या मापाने कमीजास्त पडावे, अशी त्याची रचना आहे.

पण त्याला मिळालेल्या कागदावर पहिलीच अट काय होती? 'वापरणाऱ्याचा हात घाणीला लागता कामा नये.'

आम्ही ती ओळ दोनदा वाचली. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल. साबणाच्या, औषधाच्या कोणत्याही वस्तूसाठी अशी अट जगभर घालतात. पण भारतात ही अट नवी नाही. या देशातले घरच मुळी या अटीवर बांधले गेले आहे.

जुन्या मुंबईत ज्यांनी दिवस काढले त्यांना 'हाउस गल्ली' आठवत असेल. दोन चाळींच्या पाठींमधली ती हातभर रुंदीची, कधी ऊन न पाहिलेली बोळ. आज तिथे पाण्याचे पाइप आणि वरून फेकलेला कचरा असतो. मुळात ती बोळ ठेवली होती टोपलीच्या संडासांसाठी. संडासाच्या मागच्या भिंतीला खाली झडप, झडपेआड टोपली. घरातला माणूस पुढच्या दाराने आत जायचा आणि टोपली उचलणारी बाई मागच्या बोळातून यायची. दोघांची गाठ पडायची नाही, तशी इमारतच आखलेली. दक्षिण मुंबईतल्या जुन्या श्रीमंती इमारतींच्या पाठीमागे लोखंडाचे गोल जिने अजून दिसतात. आज त्यांचे फोटो काढतात, जुन्या कारागिरीचे कौतुक करतात. त्या जिन्याने कोण चढत होते, हे कौतुक करणाऱ्यांना ठाऊक नसावे. घराच्या मुख्य जिन्याला सफाईवाल्याचे पाऊल लागू नये यासाठी तो जिना होता. डिझाइनच म्हणायचे तर ही आमची डिझाइनची परंपरा! घरगुती संडास साफ करणारे उपकरण या देशात शेकडो वर्षे होतेच. त्याला दोन हात, दोन पाय होते आणि ते जन्माने मिळत होते. दुरुस्तीचा खर्च नाही. बिघडले तर त्याच घरातून दुसरे येत असे.

स्वातंत्र्यानंतर काय बदलले? १९४९ साली मुंबई सरकारने भंगी कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करायला बर्वे समिती नेमली. १९५७ साली केंद्राने मलकानी समिती नेमली. डोक्यावरून मैला नेणे बंद व्हावे अशी शिफारस झाली, आणि त्यावर सरकारने काढलेला तोडगा होता ढकलगाडी. नगरपालिकांना ढकलगाड्यांसाठी अनुदान मिळाले. मैला डोक्यावरून गाडीत गेला. गाडी ढकलणारा तोच राहिला. पाटी काय आणि गाडी काय, माणूस कोणी बदलायचाच नव्हता, मग गाडीला चाके किती असावीत यावर खुशाल चर्चा करा!

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. घरात दोन टाक्या असतात. एक वरची, फ्लशची. पांढरी, स्वच्छ, तिच्यात नळाचे पाणी. दुसरी खालची, सेप्टिक टँक. ती अंगणात, पार्किंगखाली, कधी जिन्याखाली गाडलेली असते. वरच्या टाकीत निळे औषध पडते ते खालच्या टाकीत जाते. वरच्या टाकीवर जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी आणि आमच्या संस्थांनी डोके चालवले. खालच्या टाकीवर कोणी डोके चालवले? तिथे अजून माणूस उतरतो.

आणि ही खालची टाकी थोड्याथोडक्या घरांची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातल्या ११.९ टक्के घरांचे संडास गटारवाहिनीला जोडलेले होते, तर २२.२ टक्के घरांचे सेप्टिक टँकला. म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्यानंतर २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत अभियान आले आणि ग्रामीण भागात १० कोटींहून जास्त संडास बांधल्याचे सरकार सांगते. संडास बांधले, चांगले केले. आमच्या आयाबहिणींना अंधाराची वाट पाहावी लागत होती, ती थांबली असेल तर त्याला नावे ठेवणारे आम्ही नव्हे. पण संडास बांधला म्हणजे त्याखाली खड्डा किंवा टाकी आली, आणि ती कधीतरी भरणारच. भरल्यावर काय, याचे उत्तर भिंतीवरच्या चष्म्याच्या चित्रात नव्हते.

सेप्टिक टँकमध्ये काय होते ते पोराला त्याच्या बापाने आमच्यासमोर समजावले. (दुसऱ्या दिवशी तो बापाला घेऊन आला होता.) टाकीत हवा नसते. हवेशिवाय जगणारे जिवाणू मैला कुजवतात. त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. सल्फाइडचा वास कुजक्या अंड्यासारखा. थोडा असेल तर लगेच कळतो. फार असेल तर नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास नाही म्हणजे वायू नाही असे समजून माणूस उतरतो आणि दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा. म्हणून वर्तमानपत्रातल्या बातमीत एक माणूस क्वचितच असतो. तीन असतात, चार असतात, पाच असतात.

याच टाकीत आपण वरून काय काय ओततो? बाजारातल्या टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. हातगाडीवर सुट्या बाटलीत मिळणारे त्याहून जहाल. हे ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडला होता तोच. ॲसिड सल्फाइड असलेल्या गाळात गेले तर सल्फाइडचा वायू मोकळा होतो. एका वडीने टाकीतले जिवाणू मरतात असे नाही, पाण्यात ती पातळ होऊन जाते. पण वडी रोजची, वर आठवड्याला ॲसिड, वर ब्लीचिंग, वर फिनेल, असा मारा चालला की कुजण्याचे काम मंदावते, गाळ लवकर साठतो आणि टाकी उपसायची पाळी लवकर येते. वरचे भांडे जितके चकचकीत, तितका खाली माणूस उतरवायचा प्रसंग जवळ!

बापाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती कोणत्याही पेटंटात नसेल. भांड्याच्या काठाला अडकवतात त्या सुवासाच्या प्लास्टिकच्या जाळ्या सुटून पडतात आणि पुढे चेंबरमध्ये आडव्या बसतात. त्यात कापड, केस, सॅनिटरी पॅड अडकते आणि लाइन चोकअप होते. मग चेंबरमध्ये हात घालून जाळी काढावी लागते. "पोरा, तुझी डबी सुटली तर कुठं जाईल ते बघ आधी," तो म्हणाला. पोराने ते टिपून घेतले. तीस वर्षे त्या कामात घालवलेला हा माणूस. संस्थेने वापरणाऱ्या घरांच्या मुलाखती घ्यायला सांगितल्या होत्या. चेंबरमध्ये हात घालणाराही 'वापरणारा' आहे, हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते.

आता कायदा आणि आकडे पाहू. १९९३ मध्ये पहिला कायदा आला, तो कोरड्या संडासांपुरता. २०१३ मध्ये दुसरा कायदा आला आणि तो अंमलात आला ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी. तारीख निवडण्यात सरकार कधी कमी पडत नाही. या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी गटार वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावू शकत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी पाच वर्षे, पाच लाख. २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूला १० लाख रुपये देण्यास सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी, बलराम सिंग खटल्यात, ती रक्कम ३० लाख झाली. २९ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद या महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला. कायदे आहेत, निकाल आहेत. आणि सरकारनेच संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ माणसे गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये मेली.

सरकारची भाषाही पाहण्यासारखी आहे. 'हाताने मैला उचलताना' एकही मृत्यू झाला नाही, असे सरकार सांगते. मेले ते 'धोकादायक सफाई'मुळे! व्याख्या बदलली की प्रेतही दुसऱ्या रकान्यात जाते.

पण आमच्या वाचकांनी खरे लक्ष द्यावे ते जुलै २०२५ मध्ये संसदेत आलेल्या माहितीकडे. सामाजिक न्याय मंत्रालयाने करून घेतलेल्या सामाजिक लेखापरीक्षणात २०२२ आणि २०२३ मधले ५४ मृत्यू तपासले गेले. त्यातल्या ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचे एकही साधन नव्हते. उरलेल्यांकडे हातमोजे, फार तर गमबूट. नियमांत चाळीसहून जास्त साधनांची यादी आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. आणि त्या ५४ पैकी ३८ जण महापालिकेचे नव्हते, कोणा कंपनीचेही नव्हते. त्यांना व्यक्तिशः बोलावले होते. म्हणजे कोणीतरी फोन केला, 'टाकी तुंबली आहे, ये', भाव ठरवला आणि झाकण उघडून दिले.

हा कोणीतरी कोण? आपण इतकी वर्षे मोर्चे काढतो ते महापालिकेवर, कलेक्टर कचेरीवर. तिथे काढलेच पाहिजेत. पण बहुतेक मृत्यूंत मालक सरकार नाही. मालक घर आहे. सोसायटीचा सेक्रेटरी आहे. बंगल्याचा धनी आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना १० लाखांच्या हक्कासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांच्या बाजूने आदेश झाला. एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या ग्लोबल सिटीत खासगी सांडपाणी प्रकल्पात चार कामगार मेले. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा शिवारात एका आखाड्यावरच्या टाकीत पाच जण मेले. ते पाचही मुसलमान होते. हे आम्ही मुद्दाम सांगतो. सरकारच्या 'नमस्ते' योजनेत २०२४ पर्यंत ज्या ३८ हजारांहून जास्त गटार व सेप्टिक टँक कामगारांची नोंद झाली, त्यात सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे होते. अनुसूचित जमाती आणि ओबीसी धरले तर हा आकडा ९२ टक्क्यांवर जातो. काम जातीने ठरले आहे यात शंका नाही. पण जिथे जात कमी पडते तिथे गरिबी ती जागा भरून काढते, आणि मालकाला त्याचे काही सोयरसुतक नसते. त्याला झाकणाखाली उतरणारा कोणीतरी हवा असतो.

मग यंत्र आणा, असे म्हणणार. आम्हीही तेच म्हणतो. या चळवळीने यंत्राला कधी विरोध केलेला नाही. १९४५ साली 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात बाबासाहेबांनी चरख्याच्या आणि भंगीकामाच्या गोडव्यांची चिरफाड केली, तेव्हा त्यांनी बाजू घेतली ती यंत्राची. यंत्र माणसाला जनावराच्या कष्टातून सोडवते, त्याला फुरसत देते आणि फुरसतीतून संस्कृती येते, असा त्यांचा रोख होता. दोष यंत्राचा नाही, ते ज्या समाजरचनेच्या हातात आहे तिचा आहे, हेही त्यांनी तिथेच मांडले. वरच्या टाकीतली डबी घरवाल्याच्या हाताला सोडवते, ठीक. खालच्या टाकीत उतरणाऱ्याला कोणते यंत्र सोडवते?

यंत्रे आहेत. केरळच्या तरुण अभियंत्यांनी 'बॅन्डिकूट' नावाचा मॅनहोल साफ करणारा रोबो बनवला आणि २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरमला कामाला लागला. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी 'मॅनहोलकडून मशीनहोलकडे' जाण्याची घोषणा केली. मैला उपसणारा टँकर तर आता तालुक्याच्या गावीही असतो. मग माणूस का उतरतो? याचे उत्तर गल्लीबोळात आणि झाकणाखाली आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय नुसती यंत्राची मागणी करणे व्यर्थ आहे.

सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसावी, असे शास्त्र सांगते. आपल्याकडे ती तुंबल्यावरच उपसतात. पंधरा वर्षे, वीस वर्षे हात लावत नाहीत. तोपर्यंत तळाचा गाळ चिखलाच्या विटेसारखा घट्ट होतो. टँकरची नळी वरचे पाणी ओढते, गाळ ओढत नाही. तेव्हा टँकरवाला म्हणतो, आत उतरून ढवळावे लागेल. दुसरे कारण झाकण. बांधताना गवंडी झाकण ठेवतो, पुढे घरमालक त्यावर फरशी बसवतो, पार्किंग करतो, एखादी खोली काढतो. हवा जायचा पाइप दिसायला वाईट म्हणून कापून टाकतो. टाकीला दोन कप्पे असतील तर एकाचेच झाकण सापडते, दुसऱ्यात जायला माणूस. तिसरे कारण रस्ता. टँकर गल्लीत शिरत नाही. यातल्या एकाही कारणाला रोबो लागत नाही. झाकण उघडे ठेवायला, लांब नळी ठेवायला आणि तीन वर्षांनी न विसरता उपसायला कोणते परदेशी तंत्रज्ञान लागते?

हे होऊ शकते याची उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. सातारा जिल्ह्यातले वाई आणि नाशिक जिल्ह्यातले सिन्नर. या दोन नगरपरिषदांनी देशात सर्वांच्या आधी, २०१८-१९ च्या सुमारास, पाळीने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. शहरातली प्रत्येक टाकी तीन वर्षांच्या फेऱ्यात एकदा उपसायची. घरमालकाने फोन करायचा नाही, टाकी भरायची वाट पाहायची नाही. पाळी आली की गाडी दारात. त्या वेळी पैसे मोजायचे नाहीत, खर्च करातून जातो. उपसलेला गाळ नाल्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात नेतात. सगळे सुरळीत असेल असा आमचा दावा नाही. पण जिथे गाळ घट्टच होऊ देत नाहीत, तिथे ढवळायला माणूस उतरवायचे कारण संपते. आम्हाला विचाराल तर याला डिझाइन म्हणतात. ते ना कोणत्या दुकानात विकायला आहे, ना त्याला निळा रंग आहे.

आता थोडे घरचे बोलू, आणि कोणी रागावू नये. आरक्षणाने, शिक्षणाने आपल्यातलेही लोक फ्लॅटमध्ये गेले. नागपूरला, पुण्याला, ठाण्याला, नाशिकला आपल्या लोकांच्या कॉलन्या आहेत. आमच्याही घरात निळी वडी आहे, लपवण्यात अर्थ नाही. आमच्याही कॉलनीची टाकी मागे तुंबली होती, तेव्हा सेक्रेटरीने दोन ठिकाणी भाव विचारले. टँकरवाला महाग पडला. दोन पोरे बादली-दोरी घेऊन आली, ती स्वस्त पडली. सही करणाऱ्यांत आम्हीही होतो. पोरे सुखरूप वर आली म्हणून बातमी झाली नाही. कलम ७ मधली 'कोणतीही व्यक्ती' त्या दिवशी आम्ही होतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला आम्ही वर्गणी दिली होती, त्याच महिन्यात.

ती पोरे कोणत्या समाजाची, हे आम्ही विचारले नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असे म्हणणे अधिक खरे. मुंबईच्या सफाई खात्यात मेहतर, वाल्मीकी, रुखी, मातंग आणि आपले बौद्ध बांधव एकाच हजेरी चौकीवर अंगठा लावतात. युनियन मात्र वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, सोयरीक वेगळी. खाली उतरणारा 'त्यांचा' असला की आपण तो मृत्यू आपल्या हिशेबात धरत नाही. धरला असता तर आपल्या प्रत्येक कॉलनीच्या सभेत हा ठराव केव्हाच झाला असता की आमच्या टाकीत माणूस उतरणार नाही, टँकरला कितीही पैसे पडोत. ठराव करायला आमदार लागत नाही, जीआर लागत नाही. टाकीचे झाकण मोकळे आहे का ते पाहायचे. दर तीन वर्षांनी उपसायचे, तारीख सोसायटीच्या फळ्यावर लिहायची. टाकी उपसण्यासाठी केंद्राने २०२० मध्ये १४४२० हा हेल्पलाइन क्रमांक जाहीर केला आहे. तो लावून पाहा. कोणी उचलत नसेल तर तीही बातमी आहे, आम्ही छापू.

पोराच्या प्रस्तावनेचे काय झाले ते सांगायचे राहिले. त्याने डबी रद्द केली नाही, आम्हीही तसे सुचवले नाही. त्याला परीक्षा पास व्हायचे आहे आणि व्हायलाच हवे. पण त्याने तीन बदल केले. क्लोरीनची वडी काढली. डबी टाकीबाहेर पडूच नये अशी कडी बसवली, ही बापाची सूचना. आणि नकाशाच्या शेवटच्या पानावर, जिथे बाकीच्यांनी हसऱ्या बाईचे चित्र काढले आहे, तिथे त्याने घराचा उभा छेद काढला. वर फ्लशची टाकी, मधे पाइप, खाली सेप्टिक टँक, तिचे मोकळे झाकण आणि झाकणावर कोरलेली उपसण्याची तारीख. शिक्षकांनी विचारले, हे विषयात बसते का? तो म्हणाला, पाणी तिथेच जाते.

त्या चित्रामुळे आम्ही आमच्या विहाराच्या समितीत विचारले की आपल्या विहाराच्या संडासची टाकी कुठे आहे. जुन्या सभासदांना आठवेना. शेवटी गवंड्याच्या मुलाने दाखवली. झाकण सभागृहाच्या पायऱ्यांखाली निघाले. वर नव्या फरशा, दात्यांच्या नावांसहित. बांधल्यापासून ती टाकी एकदाही उपसलेली नाही. फरशा उचकटायच्या की पायऱ्या बाजूला सरकवायच्या, यावर दोन बैठका झाल्या. दात्यांपैकी एकाचा विरोध आहे. तिसरी बैठक येत्या रविवारी आहे.